कठडा कुठल्या हाताला

६ ऑगस्ट

व्याहीबुवांना विहिणीचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे जागच्या जागी आहेत. फोन केला नाही, कारण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की अख्ख्या टेकडीला माझे बेत कळतात. शिवाय ही गोष्ट तुमच्या मुलाला आणि माझ्या लेकीला कळता कामा नये.

मी घसरले हे तुमच्या कानावर आलंच असेल. लग्नानंतर तुम्ही एकदाच इथे आलात, तरी आठवत असेल. घर वर, रस्ता खाली, आणि मधे ती उतरती बाग. पावसात तिचा नुसता साबण होतो. भाजीची पिशवी घेऊन चढत होते, पाय सटकला आणि थेट खालच्या फाटकाशी जाऊन बसले. मनगटाचं हाड चिरलं, बाकी धड आहे. पण लेक धावत आली आणि मला प्लॅस्टरमध्ये बघून रडली. जाताना बजावून गेली, "शाळेला सुट्टी लागली की मी येते. तोवर या चढाचं काही केलं नसशील तर घराला कुलूप, आणि तू माझ्याबरोबर." मास्तरीणच ती, वर्गात बोलतात तसं बोलली. तिचं चुकत नाही, हीच तर पंचाईत आहे. भांडायला तोंडच उरलं नाही.

मला जायचं नाही. ती हौसेने ठेवेल, मला माहीत आहे. पण इथे माझं शिलाई मशीन खिडकीत आहे, अजून चार जणी कपडे टाकतात, दिवा कधी लावायचा आणि कधी मालवायचा ते मी ठरवते. तिथे मी पाहुणी होईन. पाहुणीने किती वर्षं राहायचं?

गवंड्याला बोलावलं होतं. त्याला सगळं सिमेंटचं करायचं आहे आणि त्यासाठी माझं लिंबाचं झाड काढायचं आहे. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मला लाकडाच्या साध्या पायऱ्या हव्यात, मातीत बसवलेल्या. लाकूड मिळतंय. शेजारी रिटायर झालेले बस कंडक्टर राहतात, ते आपली जुनी शेड अर्धी उतरवतायत. फळ्या देतो म्हणाले, खोदायलाही येतो म्हणाले. म्हणजे बळ त्यांचं, अक्कल कुणाची एवढाच प्रश्न उरला. दारं, खिडक्या आणि जिने करण्यात हयात गेलेला माणूस माझ्या नात्यात एकच आहे. तर शिकवा.

लग्नात तुमचा कोट मी शिवला होता. रंधा मारून मारून एक खांदा उतरलाय तुमचा, तो कुणाला दिसू दिला नाही. तेवढं लक्षात ठेवून लवकर उत्तर द्या.

तुमची विहीण

१९ ऑगस्ट

विहीणबाईंस नमस्कार.

पत्र उशिरा हातात आलं. वर्कशॉपशेजारच्या कुलूपवाल्याने घेऊन ठेवलं होतं, मी जरा इकडेतिकडे होतो. तरी त्याच पत्त्यावर लिहीत जा.

खांदा तुम्ही झाकलात हे खरं, पण त्या कोटात मला लग्नभर हात वर करता आला नाही. फोटोत मी सगळीकडे शिक्षा झाल्यासारखा उभा आहे.

आता कामाचं बोलू. मी जिने केले ते घरातले, मातीतल्या पायऱ्या फारशा केल्या नाहीत. पण पाय तोच असतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय उंची शिकतो. मग तो बघत नाही, विश्वासाने तेवढाच उचलला जातो. एखादी पायरी बोटभर जरी वेगळी निघाली तरी माणूस तोंडावर पडतो. म्हणून सगळ्या सारख्या हव्यात. बाकी काही बिघडलं तर चालेल, हे बिघडायला नको.

सुरुवात खालून करायची. फळी आडवी, कडेवर उभी करायची, तिच्या पुढून दोन जाड खुंट्या जमिनीत ठोकायच्या म्हणजे ती ढकलली जाणार नाही. मागे खडी आणि माती भरून ओंडक्याने ठोकायची. पायरी पुढे किंचित उतरती ठेवा, पाणी थांबलं की लाकूड गेलं. मातीत जाणाऱ्या बाजूला डांबर लावा.

मला दोन मापं हवीत, चढाची उंची आणि लांबी. उंचीसाठी वरच्या टोकाला दोरी बांधा आणि खाली उभ्या धरलेल्या काठीपर्यंत ताणा. दोरी सपाट आहे का ते अर्ध्या भरलेल्या बाटलीतल्या पाण्यावरून बघा. काठीवर दोरी जिथे टेकेल तिथून जमिनीपर्यंत मोजा.

एका पायरीची उंची मी इथे पुस्तकांचा गठ्ठा रचून, त्यावर पाय ठेवून ठरवली. तेवढी कागदाची पट्टी कापून पाठवतोय. तुमच्या गुडघ्यांना झेपेल.

कठडा हवा का? ज्या पायाची तक्रार आहे त्याच्या विरुद्ध हाताला लावतात. कोणता पाय ते कळवा.

आपला व्याही

२७ ऑगस्ट

व्याहीबुवा,

पट्टी मिळाली. कागद कापून माप पाठवलंत हे फार बरं केलंत, ही भाषा मला कळते. मशीनशेजारी भिंतीवर टाचणीने लावून ठेवली आहे.

दोरी आणि बाटलीचा कार्यक्रम रविवारी झाला. कंडक्टर वर, मी खाली. ते अजून नोकरीतच आहेत. एकदा शिट्टी मारली की मी थांबायचं, दोनदा मारली की पुढे. एकदा त्यांनी चुकून दोनदा मारली आणि मी काठी घेऊन फाटकाबाहेर गेले. शेवटी उंची मिळाली. लांबी मी एकटीनेच मोजली, त्यात काय अवघड आहे? पन्नास वर्षं टेप गळ्यात घालून हिंडतेय. दोन्ही आकडे वेगळ्या कागदावर लिहिलेत.

कठडा नको. माझे दोन्ही गुडघे सारखेच कुरकुरतात, एकाची बाजू घेतली तर दुसरा रुसेल. शिवाय कठडा बघितला की लेक म्हणेल, आई म्हातारी झाली. तिला आयतं हत्यार कशाला द्या?

एक विचारते. वर्कशॉपात पुस्तकं कुठून आली? मी आले होते तेव्हा तिथे भुसा, डिंक आणि एक आंधळं मांजर एवढंच होतं. तुम्ही वाचायला लागलात की काय? आणि मांजर कसं आहे?

हात सुटला प्लॅस्टरमधून. अजून कात्री धरली की कळ येते, पण येते ती लेकीला सांगत नाही.

तुमची विहीण

१० सप्टेंबर

विहीणबाईंस नमस्कार.

पुस्तकं गिऱ्हाइकाची आहेत. कपाट करायला दिलंय, पुस्तकं मापासाठी आणून टाकलीत. मांजर कुलूपवाल्याकडे रमलंय. वर्कशॉप नेहमीसारखंच, करवत आणि भुसा. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

तुमच्या आकड्यांवरून हिशेब केला. पायरी पुढून मागे किती खोल हवी त्याची दुसरी पट्टी पाठवतोय, ही लांब आहे म्हणून घडी घातली आहे. तुमचा चढ चांगला लांब आहे, त्यामुळे पायरी ऐसपैस येईल. अख्खं पाऊल टेकून वर थोडी जागा उरेल.

कठडा नको तर नको. पण दोन्ही कडांना फळी थोडी जास्त लांब ठेवा, पुढे खांब उभे करावेसे वाटले तर जागा असू दे. उद्या कोण चढेल सांगता येत नाही. तुम्ही कपड्यात शिवणीला माया सोडता, तसंच समजा.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी लिहितो. ते घर सोडू नका. जिथे हात लांब केला की न बघता वस्तू सापडते, अशी जागा माणसाला एकदाच जमते. ती गेली की दुसरीकडे सगळं मिळतं, पण प्रत्येक वेळी विचारून. चमचा कुठे आहे हेसुद्धा. तुमचं पत्र वाचल्यापासून माझ्या मनात हेच आहे. तुम्ही खणत राहा.

आपला व्याही

४ ऑक्टोबर

व्याहीबुवा,

तुमच्यावर रागवायचं नाही असं ठरवून कागद घेतला आहे, बघू किती जमतंय.

पंधरा-वीस दिवस खपलो. कंडक्टरांच्या पाठीत उसण भरली, माझ्या हातांना फोड आले. पट्टीला पट्टी लावून एकेक पायरी बसवली, एक केसभर इकडेतिकडे नाही. खालून वर बघितलं की डोळे निवायचे. आणि काल सगळ्यात वरची पायरी बसवली तर पुढे भिंत. मातीची, माझ्या मांडीएवढी उंच भिंत, आणि तिच्यावर माझं अंगण. आम्ही वर पोचलोच नाही. पायऱ्या टेकडीत घुसल्या.

कंडक्टर टोपी काढून उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, शेवटचा स्टॉप राहिला." मला हसू आलं नाही. त्या वरच्या पायरीवर बसून मी रडले, आता लपवून काय करू? मग स्टूल आणलं आणि त्यावर चढून घरात गेले. स्वतःच्या घरात स्टुलावरून.

तुमचा हिशेब चुकला, दुसरं काही नाही. तुमचाही दोष कसा म्हणू, इतक्या लांबून आणि या वयात. पण सुट्टी लागायला तीन आठवडे राहिले, आणि आता चढापेक्षा वाईट झालंय. आधी निदान चारी पायांवर तरी वर जाता यायचं. लेक येईल, स्टूल बघेल आणि सरळ माझी बॅग काढेल. कदाचित तिचंच बरोबर आहे. मी आजपासून कपाट आवरायला घेते. मशीन कुणाला द्यावं ते सुचत नाही.

विहीण

१० ऑक्टोबर

विहीणबाई,

हे पत्र जलद टपालाने पाठवतोय. कपाट आवरू नका. मशीनला हात लावू नका.

मला एकच सांगा, आणि सांगितलं नाहीत तरी उत्तर मला माहीत आहे. लांबी मोजताना तुम्ही टेप जमिनीवर टेकवून, चढाच्या अंगाने वर नेलीत ना? पोटावरून टेप फिरवतात तशी? शिंप्याने तसंच मोजायला हवं, माणूस जसा असेल तसा. आम्ही सुतार लांबी हवेत मोजतो. दोरी सपाट धरायची आणि तिच्यावर टेप लावायची, जमीन कितीही चढो. चढाच्या अंगावरून मोजलेली लांबी नेहमी जास्त भरते. ती मी सपाट धरली, म्हणून पायरी खोल आली आणि जागा संपली तरी उंची शिल्लक राहिली.

उंची कशी मोजायची ते मी पानभर लिहिलं. लांबीबद्दल एक ओळ लिहिली नाही, कारण ती सगळ्यांनाच येते असं वाटलं. तेव्हा चूक निम्मीनिम्मी, आणि मोडायची तर मुळीच नाही.

आता करायचं ते असं. वरची पायरी आहे तिथेच कडेला वाढवून चौथरा करा, दोन माणसं बसतील एवढा. मग त्या मातीच्या भिंतीला लागूनच आडवं वळा आणि उरलेल्या पायऱ्या तिच्या कडेने वर न्या. लिंबाचं झाड ज्या बाजूला असेल तिकडे वळा, सावली मिळेल. पुन्हा तीच उंची, तीच पट्टी. खोली जरा कमी, नवी पट्टी सोबत आहे. सपाट मोजा.

हे आधीच्यापेक्षा चांगलं होईल, उगाच धीर देत नाही. सरळसोट चढात माणसाला मधे थांबायला कारण मिळत नाही. चौथरा असला की थांबता येतं, आणि कुणी विचारलं तर झाड बघत होतो म्हणता येतं.

आपला व्याही

३ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

आधी लेकीचं सांगते, मग तुमचं. तुमच्यासाठी मी पदर खोचून बसले आहे.

लेक ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच आली. न कळवता, संध्याकाळी, बारीक पाऊस चालू असताना. चौथरा झाला होता, वरचा तुकडा सकाळीच ठोकून संपवला होता. मी मशीनवर होते, पायरव ऐकला आणि हात थांबला. हा पायरव मी या बाजूने कधी ऐकलाच नव्हता, कारण चढावर पाय नुसते घसपटतात. एक, एक, एक, सारखा. चौथऱ्यावर थांबला. पुन्हा सुरू झाला. दारात आली तेव्हा तिच्या एका हातात बॅग, दुसऱ्यात छत्री, आणि श्वासही लागला नव्हता. मागे वळून बघितलं तिने आणि विचारलं, "आई, तो चढ कुठे गेला?"

तुमच्या पायऱ्या तिला दिसल्याच नाहीत हो, इतक्या सारख्या झाल्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेऊन चौथऱ्यावर बसलो. मी कधी विषय निघतो याची वाट बघत होते. ती म्हणाली, "तुला न्यायचं मी आता बोलणार नाही. खरं सांगू, दोघांना सांभाळणं मला झेपलंही नसतं." मी विचारलं, दोघं कोण? मग तिने सांगितलं. जूनमध्ये तुम्ही वर्कशॉपच्या माळ्यावरून शिडीसकट पडलात. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून तुम्ही त्यांच्याकडे आहात, वर्कशॉपला कुलूप आहे. त्यातच माझा हात मोडला, म्हणून तिने मला सांगितलं नाही. आणि माझ्या त्या साध्या घसरण्यावर ती एवढी का रडली ते मला आत्ता कळलं.

मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही. दिवसभर बसून नवऱ्याची जाडजूड पुस्तकं जमिनीवर रचतात. त्यावर पाय ठेवतात, काढतात, एक पुस्तक कमी करतात, पुन्हा ठेवतात. कागदाच्या पट्ट्या कापत बसतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही. मधे एकदा गॅलरीत दोरी बांधून पाण्याची बाटली धरून उभे होते. पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे."

व्याहीबुवा, मी हसत सुटले. लेकीला वाटलं, आता आईपण गेली. मग हसता हसता रडू आलं, ते आवरेना. तिचा हात धरून घरात नेलं आणि मशीनशेजारच्या भिंतीवर टाचण्यांनी लावलेली तुमची पत्रं आणि पट्ट्या दाखवल्या. तिने उभ्याने सगळी वाचली. चमच्याचं पत्र दोनदा वाचलं. मग खिडकीतून पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "त्यांनी आम्हाला चमचा कुठे आहे विचारलं की मी तिथूनच ओरडून सांगायचे. वाटायचं, विसरतात." डॉक्टरांची वेळ तिने इथूनच फोन करून रद्द केली.

आता तुमच्याकडे वळते. करवत आणि भुसा म्हणे. गिऱ्हाइकाची पुस्तकं म्हणे. दुखऱ्या पायाने पुस्तकांवर चढउतर करून माझ्या गुडघ्यांची मापं काढत होतात आणि एक शब्द लिहिला नाहीत. राग आला, फार आला. मग कळलं. तुम्ही घर सोडलंत हे ऑगस्टमध्ये कळलं असतं तर मीही फावडं खाली ठेवलं असतं. एवढा खमका माणूस गेला तिथे माझं काय, असं म्हणून बॅग भरली असती. ते तुम्ही होऊ दिलं नाहीत. याबद्दल काय म्हणतात ते मला लिहिता येत नाही.

तर आता ऐका. कंडक्टरांची उरलेली अर्धी शेड रिकामी आहे. कोरडी आहे, उजेड चांगला येतो, तुमचं कामाचं टेबल मावेल, मी मोजलंय. सपाट मोजलंय. त्यांच्याकडे एक खोलीही आहे आणि एकटे राहून ते भिंतींशी बोलायला लागलेत, त्यांनाही कुणीतरी ऐकून घेणारं हवंय. तुम्हाला ऐकू येत नाही हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुमच्या मुलाला लेक समजावते म्हणाली. पंधरा दिवसांसाठी या, हवा मानवली नाही तर परत जा.

खांबांसाठी दोन्ही कडांना फळी जास्त ठेवलेली आहे, तुम्हीच सांगितली होतीत. तेव्हा बाकी काही लिहू नका. कठडा कुठल्या हाताला लावू, तेवढं कळवा.

तुमची विहीण

१२ नोव्हेंबर

विहीणबाईंस नमस्कार.

सूनबाई परत आल्यापासून इथे वेगळंच चाललंय. चमचे, डबे, चष्मा, सगळ्याच्या जागा तिने मला विचारून बदलल्या. काल माझ्यासमोर बसून म्हणाली, "बाबा, पुस्तकं रचताना मला बोलवायचं होतं, मी धरली असती." मुलगा शनिवारी वर्कशॉप उघडून रंधे आणि पटाश्या घेऊन आला. गंज चढलाय, पण निघेल. तुमची पत्रं इतके दिवस गुपचूप आणून देणाऱ्या कुलूपवाल्याने मांजर द्यायला मात्र नकार दिला.

तुम्ही म्हणता मी तुम्हाला फावडं ठेवू दिलं नाही. तसं नाही. जूनपासून माझ्या हाताला करायला काही नव्हतं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःहून खुर्चीतून उठलो, पुस्तकं घ्यायला. पुढचे तीन महिने मला रोज सकाळी काम होतं. ते कोणी कोणाला दिलं, हा हिशेब तुम्हीच करा, माझे चुकतात.

बाकी काही लिहू नका म्हणालात, तरी एवढं लिहिलं. आता विचारलंत त्याचं उत्तर.

कठडा चढताना डाव्या हाताला हवा. उतरताना तो उजव्या हाताला येईल आणि माझ्या पायाला अडचण होईल, पण त्याची आत्ताच काळजी नको. उतरायचं मी अजून ठरवलेलं नाही.

आपला व्याही